मूळ चित्र बघणारे लोक

६ मे २०२५, मिरजगाव

काल जागतिक व्यंगचित्रकार दिन. शाळेला सुट्टी लागलेली, म्हणून पहाटेची एसटी धरून नगर आणि तिथून पुणे गाठलं. दैनिकांसाठी काढलेल्या व्यंगचित्रांची मूळ चित्रं तिथल्या एका कलादालनात मांडली होती. रात्री उशिरा घरी आलो. आज दिवसभर डोक्यात तेच.

चित्रं तर बघितलीच, पण त्याहून जास्त वेळ मी ती बघणाऱ्यांकडे बघत होतो. लोक आत येतात ते पेपर वाचायच्या सवयीनं. हातभर अंतरावर थांबतात, ओळ वाचतात, हसतात, पुढं सरकतात. पहिल्या तीन-चार फ्रेमपर्यंत हेच चालतं. मग कुठल्या तरी एका चित्रापाशी पाय थांबतो आणि माणूस वाकतो. कारण इथं शाई दिसते. पेपरात सगळा काळा एकसारखा असतो. इथं एक काळा दाट, दुसरा ब्रशमधली शाई संपत आल्यामुळं खरखरीत. पुढाऱ्याच्या नाकाशी पोस्टर व्हाइटचा थर, त्यावर पुन्हा नाक. तो पांढरा आता पिवळसर पडलाय, म्हणून दुरुस्ती लपत नाही. कडेला फिकट निळ्या पेन्सिलनं ‘३ कॉलम’ असं लिहिलेलं.

ती निळी अक्षरं पुसायची राहिली का, असं एका मुलीनं विचारलं. तिच्या मागं उभ्या असलेल्या, छापखान्यात आयुष्य काढलेल्या एका गृहस्थांनी तिला समजावलं : छपाईसाठी चित्राचा फोटो घेणाऱ्या प्रोसेस कॅमेऱ्याला फिकट निळा रंग दिसत नसे, त्यामुळं सूचना त्याच रंगात लिहायच्या. पुसायची गरजच नाही. मग चित्र दीडपट-दुप्पट मोठं का काढायचे, लहान करताना रेघ कशी आवळली जायची, जस्ताच्या ब्लॉकवर बारीक रेघा कशा भरून जायच्या, असं ते सांगत गेले आणि त्यांच्याभोवती घोळका जमला. विनोद कशावर होता हे त्या घोळक्यात कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. सगळे काम कसं होतं ते ऐकत होते. मला हे फार मोलाचं वाटलं. छापलेल्या व्यंगचित्राला लोक हसतात. मूळ चित्रापुढं त्यांना पहिल्यांदा कळतं, की हे कुणीतरी रोज संध्याकाळी, अंक छपाईला जायच्या आत, हातानं काढत होतं.

बाहेर पडताना अभिप्रायवही चाळली. ‘छान’, ‘अप्रतिम’ भरपूर. पण ज्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं. हे चित्र आलं तेव्हा मी अमुक गावी नोकरीला होतो, वडील सकाळी मोठ्यानं वाचून दाखवायचे, आमच्या हॉस्टेलच्या भिंतीवर हे लावलं होतं. पेपरातलं व्यंगचित्र त्या दिवसाला चिकटून येतं. तीस वर्षांनी ते समोर आलं, की आपला तो दिवसही सोबत येतो. निसर्गचित्रांच्या प्रदर्शनाच्या वहीत मी असं कधी वाचलेलं नाही.

११ मे

आर. के. लक्ष्मण यांच्या कात्रणांची फाइल काढली. मुंबईला नोकरीला असलेला माझा मामा गावी येताना ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे जुने अंक घेऊन यायचा. त्यातली लक्ष्मण यांची चौकट मी ब्लेडनं कापून ठेवायचो. इंग्रजी धड येत नव्हतं, तरी चौकडीचा कोट, धोतर, चष्मा आणि कानांवर उरलेले केस एवढ्यावर त्यांचा ‘कॉमन मॅन’ ओळखीचा झाला होता. १९५१पासून तो रोज त्या चौकटीत उभा.

पुण्यात बालेवाडीला लक्ष्मण यांचं कलादालन आणि संग्रहालय आहे. ६ मार्च २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. भावानं, आर. के. नारायण यांनी, लिहिलेल्या मालगुडीची छोटी प्रतिकृती तिथं आवाज-प्रकाशासह उभी केली आहे. शाळेतल्या पोरांना ती दाखवायलाच हवी. पण पोरांना मी सांगणार आहे, की आधी भिंतीवरच्या रेघा बघा, मग दिव्यांकडं जा. ज्या माणसाला जे. जे. स्कूलनं प्रवेश नाकारला, त्यानं ब्रशनं एकाच ओढीत धोतराची निरी कशी पाडली, हे ध्वनिमुद्रणातून कळणार नाही.

लक्ष्मण स्वतः एक प्रसंग सांगत. १९६२च्या चीन युद्धानंतर त्यांनी नेहरूंवर बोचरं चित्र काढलं. सकाळी फोन वाजला, पलीकडं खुद्द नेहरू. चित्र आवडलं, मोठं करून सही करून पाठवाल का, फ्रेम करून लावायचं आहे, असं म्हणाले. ज्याच्यावर काढलं, तोच पहिला रसिक. व्यंगचित्राला मिळालेला यापेक्षा मोठा प्रतिसाद मला माहीत नाही. अशी मागणी करायला मोठं मन लागतं, आणि तसं चित्र काढायला सुद्धा : त्यात विष असतं तर कुणी ते दिवाणखान्यात लावलं नसतं.

२६ जानेवारी २०१५ला लक्ष्मण पुण्यात गेले. सिंबायोसिसच्या आवारात कॉमन मॅनचा पुतळा आहेच, वरळीच्या समुद्रकिनारीही आहे. व्यंगचित्रातल्या पात्राचा पुतळा उभा राहतो आणि लोक त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात. त्याच्या चित्रकारालाही रस्त्यात इतक्या जणांनी ओळखलं नसेल.

२७ मे

यंदा मे महिन्यातच पावसानं झोडपलं. शेतात पाणी, कांद्याची दैना. खोलीच्या भिंतीला ओल आली आणि कात्रणांच्या फाइलचा खालचा भाग दमटला. पानं सुटी करून खाटेवर पसरली आहेत.

वर्तमानपत्राचा कागद टिकायला केलेलाच नसतो. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन काढून टाकलेलं नसतं, त्यामुळं उजेड लागला की तो पिवळा पडतो, मग कडा मोडतात. मूळ चित्र चांगल्या जाड कागदावर, पक्क्या शाईनं काढलेलं; ते शंभर वर्षं सहज राहील. गंमत अशी, की जे टिकणारं होतं तेच आपल्याकडं हरवलं आणि जे टिकणारं नव्हतं ते कात्रणं करणाऱ्यांनी जपलं. ब्लॉक झाला की मूळ चित्राचं काम संपलं, असंच छापखान्यात धरलं जायचं. किती चित्रं टेबलाखाली गेली, किती रद्दीत. मराठी दैनिकांत आणि साप्ताहिकांत तीन पिढ्यांनी व्यंगचित्रं काढली. इथून फार दूर नसलेल्या भूमचे हरिश्चंद्र लचके घ्या, वसंत सरवटे घ्या. यांची मूळ चित्रं एका छपराखाली बघायची म्हटली, तर मराठी माणसानं जायचं कुठं?

अमेरिकेत हर्बर्ट ब्लॉक नावाचा व्यंगचित्रकार ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये अर्धं शतक चित्रं काढत होता. त्याची १४,००० हून अधिक मूळ चित्रं आज त्यांच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. देशाच्या सर्वात मोठ्या ग्रंथालयानं ती कागदपत्रांच्या बरोबरीनं ठेवली, कारण ती चित्रं म्हणजे त्या देशाच्या कारभाराचा रोजचा हिशेब आहे. आपल्याकडं टंचाई, रेशन, टँकर, निवडणुका, आणीबाणी हे सगळं रेघेत आलेलं आहे. दुष्काळी पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

१ जुलै

संत निवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वरहून येते. नगर सोडल्यावर आमच्या मिरजगावातून पुढं कर्जतच्या वाटेनं पंढरपूरकडं जाते. गेल्या आठवड्यात ती येऊन गेली. शाळेच्या व्हरांड्यात वारकरी टेकतात, जेवतात, पाठ टेकवतात. यंदा मुख्याध्यापकांना विचारून त्याच व्हरांड्यात मी दोऱ्या बांधल्या आणि माझ्याकडचे जुने दिवाळी अंक, लक्ष्मण यांची कात्रणं आणि आमच्या पोरांची काही चित्रं चिमट्यांनी लावली. अंकांना प्लास्टिकची पिशवी घातली, कारण पाऊस येणार नाही आणि हात कोरडे असतील, या दोन्हींची खात्री नव्हती.

‘मोहिनी’ मासिकाचं, व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांचं मुखपृष्ठ मध्यावर होतं : एकाच्या कपड्यावरची मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यावरचे उंदीर. १९५२मधली ही कल्पना. सिन्नरकडच्या एक आजी डोक्यावरची तुळस खाली ठेवून त्यासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ काहीच नाही. मग एकदम पदर तोंडाला लावून हसू लागल्या. सोबतच्या बाईला हाक मारली, “अगं ये, हे बघ.” ती आली, “काय?” म्हणाली. आजींनी सांगितलं नाही. “तूच बघ की.” दुसरी बाई बघत राहिली आणि तिलाही सापडलं. तिनं तिसरीला बोलावलं. तिलाही कुणी सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या चित्रासमोर असंच चाललं; स्वतःला सापडेपर्यंत थांबायचं, आणि दुसऱ्याची मजा मोडायची नाही. हा नियम कुणी घालून दिलेला नव्हता. शब्दच नसलेल्या चित्राची ताकद मी वर्गात समजावून सांगतो, पण इतक्या थोडक्यात मला ती कधी सांगता आली नव्हती.

लक्ष्मण यांच्या कात्रणांशी वेगळं घडलं. तिथं इंग्रजी ओळ. मी मराठी करून सांगत होतो. लोक मान डोलावत होते, हसू येत होतं ते माझ्या मानापुरतं. मग आठवीतल्या एका मुलीनं ते काम हाती घेतलं. ती ओळ सांगेचना. कोट घातलेल्या माणसावर बोट ठेवून म्हणायची, “माऊली, हा सगळीकडं असतो, पण कधी बोलत नाही. त्याची बायको बोलते.” लोक प्रत्येक कात्रणात त्याला शोधायला लागले. गर्दीत, विमानाच्या शिडीपाशी, मंत्र्याच्या खुर्चीमागं. निफाडकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सगळी कात्रणं बघून झाल्यावर तिला विचारलं, “हा बोलत नाही का ह्याला कुणी विचारत नाही?” तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “बाबा, हे चित्रकारानं आपल्यावर सोडलंय.” ते म्हणाले, “विचारत नसतील.” आणि टाळ उचलून गेले.

११ जुलै

व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर आज आठवले. २०१७च्या जुलैत गेले.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात त्यांची प्रदर्शनं व्हायची आणि ते स्वतः तिथं असायचे. माणसं सवयीनं नाटकाला यायची, तशीच जाता-येता या कलादालनात शिरायची. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. दाढीवाले, बारीक अंगाचे तेंडुलकर एखाद्या शाळकरी पोराशी, तो संपादक असावा अशा गांभीर्यानं बोलत होते. पोरगा एका चित्राचा भलताच अर्थ सांगत होता. “हे मला सुचलं नव्हतं,” असं काहीसं ते म्हणाले, आणि पोरगा दोन इंच उंच झाला. चित्रकार हजर असला की प्रदर्शनातला प्रतिसाद वहीत जाऊन बसत नाही; तिथल्या तिथं बोलाचाली होते, वाद होतो, चित्र पुन्हा बघितलं जातं.

आणि कलादालनापर्यंत जे येणार नाहीत, त्यांच्यापर्यंत ते स्वतः गेले. दिवाळीत नळस्टॉपच्या चौकात उभं राहून वाहतुकीचे नियम पाळा असं सांगणारी, स्वतः काढलेल्या व्यंगचित्रांची पत्रकं ते वाहनचालकांच्या हातात देत. सिग्नल लाल असेपर्यंतचा वेळ, एवढंच त्यांचं प्रदर्शन. वर्षानुवर्षं हे केलं. नगर–सोलापूर रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या आम्हा लोकांना त्या पत्रकाची गरज पुण्याइतकीच आहे. गावातल्या किती घरांनी या रस्त्यावर माणसं गमावली, ते मी इथं लिहीत नाही.

१९ जुलै

काल बाजाराचा दिवस साधला. नववी-दहावीच्या मुलांनी काढलेली व्यंगचित्रं शाळेच्या फाटकाशी मांडली. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी आमची मुलं स्थिरचित्र, संकल्पचित्र घोटून घोटून करतात. टाक आणि इंडियन इंक त्यांनी या महिन्यात पहिल्यांदा हातात घेतली. अट एकच घातली : चित्र शाईतच करायचं, आणि चुकलं तर चूक झाकायची नाही, दुरुस्त करायची.

एका मुलाचं चित्र तीन भागांत. पहिल्यात आजी जेवणाचा डबा घेऊन हायवेच्या कडेला उभी, रस्ता ओलांडायचाय, शेजारी वासरू. दुसऱ्यात आजी तिथंच, गाड्या सुसाट, वासराला शिंगं फुटलेली. तिसऱ्यात आजी तिथंच, शेजारी जू घेतलेला बैल. एकही शब्द नाही. बाजारातून पिशव्या घेऊन चाललेली माणसं थांबली. आधी हसली. मग एक जण म्हणाला, “ही पुलाजवळची जागा हाय.” चित्रात पूल कुठंच नव्हता. दुसरा म्हणाला, “नाय, स्टँडाजवळची.” आजी नक्की कुठं उभी आहे यावर तिथं अर्धा तास वाद झाला, आणि त्या वादात गावातल्या सगळ्या धोक्याच्या जागांची यादी आपोआप झाली.

मग तो प्रश्न आलाच, ज्याची मी वाट बघत होतो. “हे छापलेलं हाय का काढलेलं?” एका भाजीवाल्यानं बोट लावून बघितलं. बोटाला काही लागलं नाही, तरी त्याला खात्री पटली, कारण कागदावर शाई जिथं जाड बसली होती तिथं ती बोटाला जाणवते. त्यानं मुलाचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, आणि बैलाच्या खुराचा आकार कसा चुकलाय ते दाखवलं. मुलानं तिथंच टाक काढून खूर दुरुस्त केला. पुण्याच्या कलादालनात काचेमागं जे बघितलं होतं, तेच इथं काचेशिवाय, चारचौघांत घडत होतं. ती दुरुस्ती चित्रात दिसते. दिसू दे.

एका मुलीनं गावातले एक किराणा दुकानदार काढले होते. तराजूच्या एका पारड्यात माप, दुसऱ्यात साखरेबरोबर टेकलेलं त्यांचं कोपर. नाव दिलं नव्हतं, पण मिशीच तशी. ते स्वतः बाजारात होतेच. कुणीतरी बोलावून आणलं. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. “मिशी बरोबर हाय,” म्हणाले, आणि चित्राची किंमत विचारली. दुकानात लावायचं म्हणाले. मुलगी म्हणाली, “काका, मूळ चित्र देणार नाही. शाळेत राहणार.” “माझंच चित्र, अन् मलाच नाही?” “तुम्हाला दुसरं काढून देते. सही करून.” ते तयार झाले; फक्त कोपर थोडं वर घे म्हणाले. ती म्हणाली, कोपर तिथंच राहील. लोक हसले, तेही हसले. दुसरं चित्र तिनं आज पूर्ण केलं, कोपर जागच्या जागी ठेवून, आणि त्यांनी ते नेलं. मी तिला नेहरूंच्या फोनची गोष्ट आज मुद्दाम सांगितली, आधी नाही.

२९ जुलै

शि. द. फडणीस आज शंभर वर्षांचे झाले. २९ जुलै १९२५चा जन्म, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचा. प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगितलं.

१९६५मध्ये त्यांनी जहांगीर आर्ट गॅलरीत ‘हसरी गॅलरी’ हे आपल्या मूळ चित्रांचं प्रदर्शन मांडलं. तैलचित्रांच्या आणि अमूर्ताच्या त्या जागेत दिवाळी अंकांची मुखपृष्ठं भिंतीवर लावायला त्या काळात धाडस लागलं असणार. मुखपृष्ठ म्हणजे अंकाचं वेष्टन, असंच समजलं जायचं. अंक वाचून झाला की तेही रद्दीत. त्यांनी ते भिंतीवर आणलं, प्रेक्षकानं त्यापुढं उभं राहावं अशी त्याची लायकी आहे हे दाखवलं, आणि पुढं ती गॅलरी इतर शहरांतही नेली. माझ्या पिढीला मात्र ते भेटले बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात. गणिताची धास्ती असलेला मी त्या पुस्तकाची पानं चित्रांसाठी उलटायचो. आज शिक्षकांच्या खोलीत हे सांगितलं तर आमच्या गणिताच्या बाईंनी हात वर केला, त्याही तशाच. मिरजगावातल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनी शि. दं.ची चित्रं पाहिली आहेत ती अशी, बोटभर आकाराची, हलक्या कागदावर. मूळ चित्रातला रंग त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही.

म्हणून ज्यांच्याकडं मूळ चित्रं आहेत त्यांना आज पत्र लिहायला घेतलं. प्रदर्शनं मुंबई-पुण्यात होतात, फार तर नगरच्या महावीर कलादालनापर्यंत येतील. पेपर मात्र पन्नास-साठ वर्षं इथल्या एसटी स्टँडवर उतरत आला आणि त्यातल्या व्यंगचित्राला इथला वाचक पुण्याच्या वाचकाइतकाच हसला. त्याचाही मूळ चित्रावर हक्क आहे. मोजकी दहा-बारा चित्रं आमच्या शाळेत पाठवावीत, तीही थोड्या दिवसांसाठी. त्यांना चित्रांची काळजी वाटणार, ती रास्त आहे, म्हणून पत्रात आमची बाजू आधी मांडली : खोली पक्क्या छताची, ओल नसलेली, उत्तरेच्या उजेडाची, चित्रावर थेट ऊन पडणार नाही, भिंतीला खिळे ठोकणार नाही, वरून दांडी लावून साखळीनं टांगू, रात्री खोलीला दोन कुलपं आणि शिपाईमामा मुक्कामी. सोबत बाजाराच्या दिवसाचे फोटो जोडतो आहे, आजी आणि बैलाच्या चित्रासमोरच्या गर्दीचे. मुख्याध्यापकांची सही उद्या होईल. त्यांनी वाचून एकच वाक्य घालायला लावलं : प्रदर्शन पालखीच्या दिवसांत असावं.